साउइन: हिवाळ्याच्या तोंडावरचा आयरिश सण घरी कसा पाळावा

साउइन हा गेलिक आयर्लंडचा हिवाळा लागतानाचा सण आहे. जुन्या गणनेत दिवस सूर्यास्ताला सुरू होत असे, म्हणून तो ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी लागतो आणि १ नोव्हेंबरच्या सूर्यास्ताला संपतो. आयरिश भाषेत नोव्हेंबर महिन्याचे नावही हेच आहे. उन्हाळी कुरणांवरची गुरे या सुमारास घरी आणली जात, वैरणीअभावी जी पोसणे शक्य नसे ती कापली जात, आणि या रात्री जिवंतांचे व मृतांचे जग एकमेकांना भिडते असे मानले जाई. हॅलोवीनचे मूळ याच रात्रीत आहे. परंतु साउइन पाळायचा असेल, तर वेषभूषेपेक्षा आग, जेवण आणि आपली गेलेली माणसे यांकडे लक्ष द्यावे. मेलबर्न-सिडनीकडच्या वाचकांनी मात्र तेथील पेगन (ख्रिस्तपूर्व निसर्गधर्म मानणाऱ्या) उपासकांप्रमाणे ३० एप्रिलची संध्याकाळ धरावी, कारण त्यांचा हिवाळा तेव्हा तोंडावर असतो.

तयारी आदल्या रात्रीपासून करावी. बार्मब्रॅक या गोड पावासाठी सुमारे ३५० ग्रॅम बेदाणे व काळ्या मनुका ३०० मिलिलिटर कोऱ्या, गार चहात रात्रभर भिजत घालाव्यात. सकाळी त्यात २२५ ग्रॅम मैदा, दोन चमचे बेकिंग पावडर, १२५ ग्रॅम तपकिरी साखर, एक अंडे आणि थोडी दालचिनी-जायफळाची पूड मिसळून १६० अंशांवर तासभर किंवा सुरी स्वच्छ बाहेर येईपर्यंत भाजावे. परंपरेने पिठात अंगठी, नाणे आणि चिंधीचा तुकडा लपवतात: अंगठी मिळेल त्याचे लग्न, नाणे मिळेल त्याला पैसा, चिंधी मिळेल त्याला ओढग्रस्त. या वस्तू बेकिंगच्या कागदात नीट गुंडाळाव्यात आणि खाणाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे. लहान मुले असतील तर त्या घालूच नयेत.

दुपारी कंदील कोरावा. भोपळा अमेरिकेतला, आयर्लंडात सलगम कोरत असत, आणि मेयो परगण्यातील ग्रामजीवनाच्या राष्ट्रीय संग्रहालयात अशा एका जुन्या कंदिलाची साच्यातून काढलेली प्रतिकृती पाहायला मिळते. त्याचा तो सुरकुतलेला, दात विचकलेला चेहरा पाहिल्यावर भोपळ्याचे हसू फारच गुळगुळीत वाटू लागते. सलगम मोठा व टणक घ्यावा, वरची चकती कापून टोकदार चमच्याने गर खरवडावा आणि कड बोटाएवढी जाड राहू द्यावी. हे काम चिवट आहे. घाई केली की सुरी निसटते. आत मेणबत्ती लावली की वरची चकती हळूहळू करपते आणि उग्र, गोडसर वास घरभर पसरतो.

सूर्यास्ताला घरातले सगळे दिवे मालवावेत. मीथ परगण्यातील त्लाख्तगा या टेकडीवर साउइनच्या रात्री आग पेटवली जाई आणि देशातल्या इतर साऱ्या आगी विझवून त्याच आगीवरून पुन्हा चेतवाव्या लागत, असे सतराव्या शतकातील इतिहासकार जेफ्री कीटिंग यांनी लिहिले आहे. घरात एकच ज्योत लावावी, क्षणभर अंधारासह ती पाहावी आणि बाकीच्या मेणबत्त्या तिच्यावरूनच पेटवाव्यात.

जेवणात कोलकॅनन असावे. उकडलेले बटाटे गरम दुधात कुस्करून त्यात शिजवलेली केल ही पालेभाजी किंवा कोबी आणि पातीचा कांदा मिसळावा, आणि वरणासाठी भाताला करतो तसे मधोमध आळे करून त्यात लोणी सोडावे. एक ताट घरातून गेलेल्या माणसासाठी वाढावे व त्याची खुर्ची रिकामी ठेवावी. पितृपक्षात पान वाढणाऱ्यांना यामागचा भाव समजावून सांगावा लागणार नाही. आजचे अनेक पेगन उपासक हे जेवण अवाक्षर न बोलता घेतात. जेवण झाल्यावर मात्र त्या माणसाबद्दल बोलावे, त्याचे नाव मोठ्याने घ्यावे.

घरात शेकोटीची चूल असल्यास दोन हेझलनट निखाऱ्याशेजारी ठेवून त्यांना एखाद्या जोडप्याची नावे द्यावीत: शांतपणे जवळजवळ जळली तर संसार सुखाचा, एखादी टणकन उडाली तर वाटा वेगळ्या.

गेलेल्या माणसासाठी वाढलेले ताट सकाळी झाडाखाली रिकामे करावे. कंदील दोन-तीन दिवसांत मऊ पडतो. तो बागेत पुरावा.