पीअरट्यूबची डिस्क भरली? व्हिडिओ उडवण्याआधी हे करा

सांगलीत नाटकांच्या तालमी, कुस्तीची मैदानं स्वतःच्या पीअरट्यूब (स्वतः चालवायची मोफत व्हिडिओ साइट) सर्व्हरवर जपणाऱ्यांनो, डिस्क भरली म्हणून जुने व्हिडिओ उडवू नका. ट्रान्सकोडिंग (व्हिडिओचं दुसऱ्या फॉरमॅटमध्ये रूपांतर) चालू असताना लाइट गेली की अर्धवट फायली मागे राहतात, आणि त्या साइटवर दिसत नाहीत, पण डिस्कवर जागा खातात. आधी बॅकअप घ्या, मग पीअरट्यूब थांबवा. टर्मिनलवरून (कमांड टाइप करायची खिडकी) पीअरट्यूबच्या फोल्डरमध्ये जाऊन एनपीएम या टूलने 'प्रून-स्टोरेज' (npm run prune-storage) ही स्क्रिप्ट चालवा. रूटने (सर्व्हरच्या मुख्य यूजरने) नव्हे, 'पीअरट्यूब' याच यूजरने, नाहीतर परवानग्यांचा घोळ होतो. डेटाबेसमध्ये नोंद नसलेल्या फायली ही स्क्रिप्ट शोधते आणि पुसण्याआधी विचारते. तिथे घाईने 'वाय' (म्हणजे हो) दाबू नका, फायलींची नावं नीट वाचा. अ‍ॅडमिनचा पासवर्ड विसरला असाल, तर 'रीसेट-पासवर्ड' स्क्रिप्टही तिथूनच चालते.