चाकाच्या बोल्टऐवजी लहान स्टड बसवताना या चुका टाळा

ज्या गाड्यांची चाके हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या फिरत्या भागात, थेट बोल्ट पिळून बसवलेली असतात, त्यांना बाहेरून आणलेली अलॉय व्हील लावायची म्हटले की पहिली अडचण भोकांची येते. गाडीचे बोल्ट १४ मिलिमीटरचे आणि नव्या चाकाची भोके १२ मिलिमीटरच्या स्टडसाठी, म्हणजे डोके नसलेल्या आट्यांच्या दांडीसाठी, पाडलेली, अशी जोडी जमवण्यासाठी एका टोकाला एम१४ आणि दुसऱ्या टोकाला एम१२ आटे असलेला पायरीचा स्टड मिळतो. मोठे टोक हबमध्ये जाते, लहान टोकावर चाक अडकते आणि वरून नट बसतो. काम अवघड मुळीच नाही. तरीही ते बिघडवून माझ्याकडे येणाऱ्यांच्या चुका इतक्या ठरावीक असतात की गाडी जॅकवर चढण्याआधीच मला निम्मे निदान झालेले असते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. चाकाच्या भोकात एम१४ स्टड आणि त्याचा नट नीट बसत असेल, तर एम१२ वर उतरण्याचे काहीच कारण नाही. आणि बसत नसेल, तर भोके ड्रिलने मोठी करण्याचा विचार मनातून काढून टाकावा. हातड्रिलने पाडलेली पाच भोके एका वर्तुळावर राहत नाहीत, नट जिथे टेकतो ती चाकावरची बैठक कापली जाते आणि चाक कायमचे निकामी होते.

टॉर्क रेंचचा ‘टक’ आवाज म्हणजे चाक घट्ट, हा गैरसमज

ही माझी सर्वांत नावडती चूक आहे, कारण ती करणारा माणूस बहुधा काळजीपूर्वक काम करणारा असतो. त्याने चांगला टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला जोर आला की ‘टक’ वाजणारा पाना, घेतलेला असतो, आकडा लावलेला असतो, पाचही नटांवर ‘टक’ ऐकलेले असते. पण टॉर्क रेंच फक्त नट फिरायला किती विरोध करतो आहे तेवढेच मोजतो. तो विरोध चाकाच्या बैठकीकडून येतो आहे की आणखी कशाकडून, हे त्याला कळत नाही.

ओळखीतल्या एका तरुणाने असे स्टड घरीच बसवले आणि वर दिसायला सुंदर म्हणून टोपीचे नट, म्हणजे एका बाजूने बंद असलेले नट घेतले. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. “काका, मागचं बेअरिंग गेलंय बहुतेक, वळताना टकटक वाजतंय. नवीन मागवलंय, बसवून द्याल का?” बेअरिंग येण्याआधी गाडी बघू, असे मी म्हणालो. त्याने माझ्यासमोर मागच्या दोन्ही चाकांच्या नटांवर रेंच फिरवला. ११० न्यूटन मीटरला दहाही नट टकटकले. मग गाडी उचलून मी चाक वर-खाली धरून हलवले, तर हाताला स्पष्ट खेळ लागला. हब मात्र जागच्या जागी होता. म्हणजे बेअरिंग ठणठणीत होते आणि चाक सैल होते.

एक नट काढून त्याच्या आत टॉर्च मारली. बंद टोकाच्या तळाशी स्टडचे टोक घासून उमटलेले चकचकीत गोल कडे होते, आणि बाहेरच्या निमुळत्या कडेवर, जिथे चाकाने दाब घ्यायला हवा होता तिथे, काळा रंग जसाच्या तसा होता. मग वर्निअर घेऊन बसलो. स्टड हबच्या तोंडापासून ४६ मिलिमीटर बाहेर होता. पुढे ब्रेकच्या डिस्कची जाडी ८ आणि चाकाची बैठकीपर्यंतची जाडी ११ मिलिमीटर, म्हणजे नटात शिरणारा भाग २७. नटाची आतली खोली २८, म्हणून पुढची चाके वाचली होती, तीही जेमतेम. मागची डिस्क दीड मिलिमीटरने पातळ, म्हणून तिथे नटात २८.५ मिलिमीटर स्टड शिरू पाहत होता. नट बैठकीला टेकण्याआधी अर्धा मिलिमीटर स्टडच्या टोकालाच टेकला होता, आणि रेंच त्या अडलेल्या नटाला शाबासकी देत होता. एका बेअरिंगची किंमत वाचली म्हणून त्याला आनंद झाला. चाक वाचले याचा आनंद त्याला मी समजावून सांगितल्यावर झाला.

यावर माझी सवय अशी आहे की चाक लावण्याआधी नट मोकळ्या स्टडवर हाताने अडेपर्यंत फिरवायचा आणि आटे धरल्यापासूनचे फेरे मोजायचे. समजा अठरा भरले. मग चाक लावून तोच नट बैठकीला टेकेपर्यंत पुन्हा फेरे मोजायचे. हा आकडा सोळाच्या वर गेला, तर नट किंवा स्टड बदलायचा, कारण दीड मिलिमीटरच्या पिचमध्ये, म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधल्या अंतरात, दोन फेरे म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटरची मोकळीक होते. खालची मर्यादा आठ फेऱ्यांची आहे. त्याने १२ मिलिमीटर, म्हणजे स्टडच्या व्यासाइतके आटे पकडले जातात, आणि त्याहून कमी मला चालत नाहीत. हे पुढे आणि मागे वेगवेगळे मोजावे, कारण दोन्हीकडच्या डिस्क सारख्या असतीलच असे नाही. मी स्वतः आरपार नट वापरतो. स्टडचे टोक बाहेर दिसते, ते काहींना आवडत नाही. मला आवडते, कारण ते दिसते.

पायरी चाकाच्या भोकात शिरणे

पायरीच्या स्टडचा एम१४ भाग हब आणि डिस्क यांच्या जाडीतच संपला पाहिजे. तो डिस्कच्या बाहेर एक मिलिमीटर जरी डोकावला, तरी एम१२ साठी पाडलेल्या चाकाच्या भोकात मावत नाही, आणि चाक डिस्कच्या सपाट तोंडावर न बसता पाच खांद्यांवर बसते. नट आवळले की सगळे घट्ट वाटते, पण काही दिवसांत खांदे चाकाच्या मऊ अॅल्युमिनियममध्ये रुततात आणि दाब निघून जातो. डिस्क लावल्यावर तिच्या तोंडावर पोलादी पट्टी आडवी ठेवून पायरी वर येते का ते पाहावे. याला अर्धा मिनिट लागतो. उलट टोकाला स्टड हबच्या मागे जास्त बाहेर आला, तर तो एबीएसच्या कड्याला, हँडब्रेकच्या भागांना किंवा नकलला, म्हणजे हब धरून ठेवणाऱ्या भागाला, घासू शकतो, म्हणून स्टड बसवल्यावर हब हाताने एक पूर्ण फेरा फिरवून मागे कान लावावा.

जुन्या बोल्टचा टॉर्क नव्या स्टडला लावणे

गाडीच्या पुस्तकात १४० न्यूटन मीटर लिहिले आहे म्हणून एम१२ च्या नटावर १४० मारणारे मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यातले निम्मे वर आट्यांना तेलही लावतात. पुस्तकातला तो आकडा मूळ बोल्टसाठी आहे. एम१४ × १.५ च्या (१.५ म्हणजे पिच) आट्यांचे ताण सोसणारे क्षेत्रफळ सुमारे १२५ चौरस मिलिमीटर असते, तर एम१२ × १.५ चे सुमारे ८८. म्हणजे स्टड जवळजवळ ३० टक्क्यांनी बारीक झाला. पण व्यास कमी झाला की तेवढाच दाब मिळवायला टॉर्कही कमी लागतो, हे लोक विसरतात. कोरड्या आट्यांचा नेहमीचा ढोबळ हिशेब धरला, तर एम१४ वर १२० न्यूटन मीटरने जो साधारण ४.४ टनांचा दाब मिळतो, तोच एम१२ वर १०३ ला मिळतो.

आता एम१२ वर १४० मारून पाहू. कोरड्या आट्यांवर ताण सुमारे ५.९ टन होतो. १०.९ ग्रेडचा, म्हणजे जास्त ताकदीच्या पोलादाचा, एम१२ × १.५ स्टड कायमचा न ताणला जाता साधारण ७.४ टन झेलू शकतो, तेव्हा इथवर निभावते. त्याच आट्यांना तेल लावले की घर्षण उतरते आणि त्याच १४० मध्ये ताण साडेआठ टनांच्या आसपास जातो. रेंच तसाच टकटकतो, हाताला नट अधिकच मऊ फिरल्यासारखा वाटतो, आणि स्टड रबरासारखा परत न येता ताणलेलाच राहतो. पुढच्या वेळी नट आवळताना तो तुटतो, तेव्हा दोष स्टडच्या दर्जाला दिला जातो. स्टडबरोबर दिलेला टॉर्क पाळावा. काहीच दिलेले नसेल, तर स्टड घेऊच नये असे माझे मत आहे. मी कोरड्या, तारेच्या ब्रशने साफ केलेल्या आट्यांवर १०० ते ११० च्या पुढे जात नाही.

उरलेल्या चुका

नटाच्या बैठकीचा आकार गाडी ठरवत नाही, चाक ठरवते. फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टची बैठक गोलसर असते, बाहेरच्या बहुतेक अलॉय व्हीलना ६० अंशांचा निमुळता नट लागतो, आणि जुन्या बोल्टसारखाच नट हवा म्हणून हट्ट करणाऱ्याच्या चाकावर नट एका बारीक रेषेवर टेकतो.

आट्यांचे पिच नजरेने ओळखू नये. बीएमडब्ल्यूच्या जुन्या मॉडेलमध्ये एम१२ × १.५ आणि नव्यांमध्ये एम१४ × १.२५, तर फोक्सवॅगन-ऑडीच्या बहुतेक गाड्यांत एम१४ × १.५ असते. चुकीच्या पिचचा स्टड पहिले दोन-तीन फेरे गुपचूप शिरतो आणि मग जड जातो. तिथे थांबायचे असते, पान्याला पाइप लावायचा नसतो. हबचे आटे गेले की हब बदलण्यावाचून दुसरा चांगला मार्ग मला माहीत नाही.

स्टड चिकटवणारा थ्रेडलॉकर फक्त हबच्या बाजूला, तेलाचा अंशही न ठेवता लावावा, आणि तो पूर्ण वाळायला २४ तास द्यावेत. संध्याकाळी स्टड बसवून रात्रीच फिरायला निघणाऱ्यांचे स्टड पुढच्या वेळी नटाबरोबर बाहेर येतात. दोष मग थ्रेडलॉकरला.

हबच्या तोंडावरचा गंज खरवडून काढल्याशिवाय चाक लावू नये. हबचे मधले गोल तोंड आणि चाकाचे मधले भोक यांत फरक असेल, तर योग्य मापाचे कडे घालावे, नाहीतर ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरते आणि लोक बॅलन्सिंगवर पैसे घालत बसतात. नट हाताने चढवून, समोरासमोरच्या क्रमाने दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. इम्पॅक्ट गनने शेवटचे आवळणे मी माझ्यासमोर कोणाला करू देत नाही, आणि यावर वाद घालत नाही.

नवीन स्टडवर ५० ते १०० किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा तपासावेत. चाक आणि हब यांच्यामध्ये स्पेसर, म्हणजे जाडी वाढवणारी चकती, घातला असेल, तर वर सांगितलेली सगळी मापे त्याच्यासह पुन्हा घ्यावीत, कारण स्पेसरच्या जाडीइतकाच स्टड नटासाठी कमी उरतो.

राहिली स्टेपनी. मूळ बोल्ट आता निरुपयोगी झालेले असतात, आणि पोलादी स्टेपनीची बैठक नव्या चाकापेक्षा वेगळी असू शकते. शिवाय तिचा पत्रा अलॉयच्या मानाने पातळ असल्यामुळे टोपीचे नट तिच्यावर हमखास स्टडच्या टोकाला अडतात, म्हणजे वरच्या किश्श्यातली चूक रस्त्याच्या कडेला, अंधारात, पावसात पुन्हा होते. म्हणून स्टेपनीच्या बैठकीला जुळणारे एम१२ चे आरपार नट आणि त्यांच्या मापाचा सॉकेट डिकीत ठेवावा, आणि स्टड बसवले त्याच दिवशी घरी एकदा स्टेपनी चढवून, फेरे मोजून, उतरवून ठेवावी.