नाटक-नृत्यावरचा विकिपीडिया लेख: असा लिहा की तो टिकेल

मराठी विकिपीडियावर रंगभूमीचे लेख वाढवायला बडोद्यात माणसं जमली की पहिल्या अर्ध्या तासात एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘आधी लिहून तर टाका, संदर्भ नंतर जोडू.’ नंतर कोणीही जोडत नाही. लेखावर ‘संदर्भ हवा’ची पाटी लागते, मग पान हटवण्याचा साचा, म्हणजे सूचनेची चौकट, लागतो, आणि लिहिणारा ‘विकिपीडियावाले आडमुठे’ म्हणत घरी जातो. म्हणून या लेखात क्रम उलटा आहे. संदर्भ आधी, लेख नंतर.

खातं उघडा, फोनेटिक कळफलक सुरू करा, धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, दोन-चार ओळी टंकून हात बसवा. एवढ्यासाठी कार्यशाळेची अख्खी सकाळ घालवणाऱ्यांना माझा लांबूनच नमस्कार.

विषय निवडताना

आपल्या गुरूंवर, आपल्या नाट्यसंस्थेवर किंवा आपल्या आत्याच्या नृत्यवर्गावर पहिला लेख लिहू नका. त्यांची योग्यता असेलही. पण तुम्ही त्यांचे आहात, आणि ते तुमच्या प्रत्येक वाक्यात दिसतं. लिहायचंच असेल तर लेखाच्या चर्चा पानावर नातं उघड सांगा आणि लेख दुसऱ्या कोणाला लिहू द्या.

बडोद्यात विषयांची वाण नाही. गायक मौलाबक्षांच्या हाताखाली १८८६ मध्ये सुरू झालेली गायनशाळा, म्हणजे आजची महाराजा सयाजीराव विद्यापीठाची सूरसागराकाठची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी. महाराज सयाजीराव गायकवाडांचं १८८० साली तंजावरच्या मोहित्यांच्या लक्ष्मीबाईंशी, म्हणजे पहिल्या चिमणाबाईंशी लग्न झालं, त्या निमित्ताने इथे आलेला तंजावरी नाच, गौरा आणि कांता या नर्तकी, आणि पुढे ती परंपरा शिकवणारं तंजोरकर घराणं. गायकवाड ओरिएंटल सीरिज या ग्रंथमालेत १९२६ पासून छापलं गेलेलं, अभिनवभारती या टीकेसह भरताचं नाट्यशास्त्र. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीला मिळालेला दरबारी आश्रय. विषय ठरला की आधी विकिपीडियावर शोध घ्या, वेगवेगळी लेखनं करून. पान आधीच असेल तर नवं काढू नका, तेच वाढवा. दोन ओळींच्या पानात सहा ओळी भर घालणं हे नवीन पान काढण्याइतकंच कामाचं आहे, फक्त त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकता येत नाही.

संदर्भ: सगळं घोडं इथेच अडतं

मीही इथेच सर्वांत जास्त अडकलो होतो, म्हणून इथे जरा वेळ काढतो.

प्रयोग संपला की संपला. मागे उरतात स्मरणिका, हस्तपत्रकं, कात्रणं, गौरविका, आठवणी. हे सगळं एकाच मापाने मोजायचं नाही. स्मरणिका संस्थेने स्वतः छापलेली असते. तिच्यातून भूमिकांची नावं, दिग्दर्शक, प्रयोगाची तारीख आणि जागा घ्या, खुशाल घ्या. पण ‘हे नाटक अफाट गाजलं’ हे स्मरणिकेवरून लिहाल तर ते संस्थेने स्वतःला दिलेलं प्रमाणपत्र ठरतं. गौरविकेचंही तेच. पंच्याहत्तरीनिमित्त शिष्यांनी काढलेल्या अंकात गुरूवर टीका कोण छापणार? गुरुपरंपरा आणि वर्ग सुरू झाल्याचं साल तिथून मिळेल; उल्लेखनीयता, म्हणजे विकिपीडियावर स्वतंत्र लेख असण्याची पात्रता, मात्र सिद्ध होणार नाही. त्यासाठी कलाकाराशी देणंघेणं नसलेल्या कोणीतरी त्याच्याबद्दल दोन-चार परिच्छेद तरी लिहिलेले हवेत: वर्तमानपत्रातलं परीक्षण, रंगभूमीच्या इतिहासाचं पुस्तक, विद्यापीठातला प्रबंध. नुसत्या उल्लेखाने भागत नाही. ‘कार्यक्रमास अमुक मान्यवर उपस्थित होते’ या बातमीतल्या यादीत नाव असणं म्हणजे काहीच नाही.

‘संदर्भ ऑनलाइनच लागतो’ हा सल्ला कोणी दिला तर सरळ दुर्लक्ष करा. छापील पुस्तक चालतं, जुना पेपर चालतो, दुवा नसला तरी चालतो. मात्र नाव, आवृत्ती, तारीख आणि पान क्रमांक असा पुरता पत्ता हवा. ‘एका जुन्या वर्तमानपत्रात’ हा पत्ता नव्हे.

इथेच कात्रणांचा घोळ सुरू होतो. कलाकारांच्या घरी वह्या भरून कात्रणं चिकटवलेली असतात आणि बहुतेकांवर तारीख नसते, कारण कापताना तीच कापली गेलेली. अशा वेळी कात्रणाची मागची बाजू बघा. ते वहीत चिकटवलेलं असेल तर कडा उचलून उजेडात धरा, पण ओढू नका. जुना कागद तुकड्यांत हातात येतो. मागे क्रिकेटचा धावफलक असतो, सिनेमाची जाहिरात असते, एखाद्या निवडणुकीची बातमी असते. त्यावरून महिना ठरतो. मग मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत किंवा विद्यापीठाच्या हंसा मेहता ग्रंथालयात त्या पेपरची त्या महिन्याची फाइल आहे का ते विचारायचं आणि पानं चाळायची. कंटाळवाणं काम आहे, धुळीने शिंका येतात, पण पान क्रमांक मिळाला की तो संदर्भ पक्का. कात्रणाचा फोटो अपलोड करून ‘हा घ्या पुरावा’ म्हणणं हा त्याला पर्याय नाही.

दुसरं, गुजराती संदर्भ. आपल्याकडच्या मराठी नाटकांची आणि नृत्याच्या कार्यक्रमांची परीक्षणं गुजराती पेपरांत आलेली असतात. ती मराठी लेखात बिनदिक्कत वापरता येतात. इथली मराठी माणसं सकाळी चहाबरोबर गुजराती पेपर वाचतात आणि विकिपीडियावर बसली की ‘मराठीत काही मिळत नाही हो’ म्हणतात, याचं मला नेहमी नवल वाटतं. फक्त नावं जपून घ्या. गुजरातीत मराठी आडनावांचे ऱ्हस्व-दीर्घ आणि कधी कधी अख्खी अक्षरं बदलतात. आडनाव मराठी स्रोताशी ताडूनच लिहा.

तिसरं, तारखा. जुन्या छापील मजकुरात कुठे शके असतो, कुठे विक्रम संवत. इसवी सन काढायला शक सालात चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. गुजरातेतला संवत कार्तिकात बदलतो, म्हणून दिवाळी ते डिसेंबर ५७ वजा आणि जानेवारी ते दिवाळी ५६ वजा. सरसकट एकच आकडा वापरणारे लोक लेखात बरोब्बर एका वर्षाची चूक घुसवतात, आणि ती पुढे दहा संकेतस्थळांवर पसरते.

चौथं, आणि नाटकांच्या लेखांत सर्वांत जास्त गोंधळ याचाच: ‘नाटकाचं साल’ अशी एक गोष्ट नसते. लिहिल्याचं साल वेगळं, छापल्याचं वेगळं, पहिल्या प्रयोगाचं वेगळं. ‘एकच प्याला’ घ्या. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ ला गेले. गंधर्व नाटक मंडळीने नाटकाचा पहिला प्रयोग २० फेब्रुवारी १९१९ ला इथे बडोद्यात केला, म्हणजे नाटककाराने तो पाहिलाच नाही. पदं वि. सी. गुर्जरांची. सिंधू बालगंधर्वांनी केली, सुधाकर गणपतराव बोडसांनी. आता माहितीचौकटीत, म्हणजे लेखाच्या बाजूच्या तक्त्यात, नुसतं ‘साल’ म्हणून एक आकडा आणि ‘लेखन’ म्हणून एक नाव टाकलं, तर यातली निम्मी माहिती हरवते. लेखन, पदं, पहिला प्रयोग, जागा, मंडळी, मूळ संच या प्रत्येकाला वेगळी ओळ आणि वेगळा संदर्भ द्या. दोन स्रोतांत तारखा जुळत नसतील तर स्वतः न्यायाधीश होऊ नका. दोन्ही द्या, कोण काय म्हणतं ते लिहा.

आणि तोंडी आठवणी. वयस्कर तबलजी किंवा पडद्यामागचा माणूस भेटतो, असं काही सांगतो की अंगावर काटा येतो. ते विकिपीडियावर थेट जात नाही. आपण ऐकलं, कुठे छापलेलं नाही, म्हणजे ते मौलिक संशोधन झालं, आणि विश्वकोशात त्याला जागा नाही. मार्ग एकच: ती मुलाखत एखाद्या मासिकाच्या किंवा पेपरच्या संपादकाकडे न्या, तिथे दुसऱ्या कोणीतरी ती घेऊन रीतसर छापू द्या, मग तिचा आधार घ्या. वेळ लागतो. पण ती माणसंही कायमची नाहीत, तेव्हा हे काम लेखाच्याही आधी हाती घ्या.

लिहिताना

संदर्भ समोर असले की लेख एका बैठकीत होतो. प्रत्येक वाक्याच्या शेवटी संदर्भ, तिथल्या तिथे. परिच्छेदाच्या शेवटी चार एकदम ढकलायचे नाहीत, कारण उद्या मधलं एक वाक्य कोणी हलवलं की कुठला संदर्भ कशाचा ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

लेख झाला की सगळी विशेषणं खोडा. ‘आपल्या बहारदार पदन्यासाने रसिकांच्या हृदयावर अधिराज्य गाजवणाऱ्या’ यातली विशेषणं खोडल्यावर काय उरतं? काही नाही. मग ते वाक्यच काढा. एखाद्या समीक्षकाने खरंच स्तुती केली असेल तर त्याच्या नावावर घाला: अमुक यांनी अमुक पेपरात त्यांच्या अभिनयाबद्दल असं लिहिलं. जिवंत व्यक्तीवर लिहीत असाल तर जन्मतारीख, घरचे वाद, आजारपण यातलं काहीही भक्कम छापील आधाराशिवाय लिहू नका, मग ते गावभर माहीत का असेना.

मराठी विश्वकोशातून उतरवून घेणं बंद. तिथला मजकूर वाचा, मिटा, आणि स्वतःच्या वाक्यांत लिहा. विकिपीडियावर टाकलेला मजकूर मुक्त परवान्याखाली जातो, दुसऱ्याच्या हक्काचा मजकूर तसा देण्याचा अधिकार तुम्हाला नाही. इंग्रजी लेख यंत्राकडून भाषांतरित करून ‘नंतर सुधारू’ म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. ‘तिने नाटकात शीर्षक भूमिका खेळली’ असं मराठी ज्याला चालतं त्याच्याशी काय बोलणार!

फोटो

घरात फोटो असणं आणि फोटोचा हक्क असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हक्क सहसा फोटो काढणाऱ्याचा. प्रयोगाचे फोटो स्टुडिओवाल्याने काढले असतील तर त्याची, तो नसेल तर वारसांची लेखी परवानगी ईमेलने कॉमन्सकडे, म्हणजे विकिपीडियाच्या सामायिक चित्रसाठ्याकडे, जावी लागते. ‘काका म्हणाले चालेल’ चालत नाही. भारतात छायाचित्राचा हक्क २०१२ च्या दुरुस्तीपर्यंत प्रकाशनानंतर ६० वर्षं असायचा, आता तो फोटो काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो, पण कॉमन्स अमेरिकेचा कायदाही बघतं, त्यामुळे फोटो जुना आहे एवढ्यावर जाऊ नका. सगळ्यांत सोपं म्हणजे पुढच्या प्रयोगाला आयोजकांना विचारून स्वतः काढा. पहिल्या रांगेत बसून फ्लॅश मारायचा नाही.

शेवटची आवराआवर

माहितीचौकट, वर्ग (विषयवार गट), विकिडेटाची जोडणी (इतर भाषांतल्या लेखांशी दुवा): पंधरा मिनिटं. पुनर्निर्देशनं मात्र विसरू नका. लेख ‘बालगंधर्व’ या नावाने असेल तर ‘नारायण श्रीपाद राजहंस’ शोधणाराही तिथेच पोचला पाहिजे. ‘बडोदा’ आणि ‘वडोदरा’ दोन्ही लिहिणारे वाचकही आहेतच.

पान निरीक्षणसूचीत टाका, म्हणजे त्यातले बदल कळतील. पान हटवण्याचा साचा लागलाच तर तो गुपचूप काढून टाकू नका. चर्चा पानावर जाऊन संदर्भ क्रमाने मांडा, कोणता का स्वतंत्र आहे ते एकेका ओळीत सांगा, आणि प्रचालकाच्या, म्हणजे पानं हटवायचा अधिकार असलेल्या सदस्याच्या, उत्तराची दोन दिवस वाट बघा. पानावर चिडून लिहिलेलं त्या पानाच्या बदलांच्या इतिहासात कायमचं राहतं, तुमच्या सदस्यनावासकट.