अमेरिकेत पोलिसांनी गाडी थांबवली तर

मागे लाल-निळे दिवे दिसले की गाडी उजवीकडे घ्या आणि गाडीतच बसून राहा. आपल्याकडे शिट्टी वाजली की आपण कागद घेऊन उतरतो आणि साहेबांना गाठतो. इथे असं पोलिसाकडे चालत जाणं धोक्याचं आहे. इंजिन बंद करा, काच खाली घ्या, रात्र असेल तर आतला दिवा लावा, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा. कागद खणात असतील तर आधी तसं सांगा, मगच हात न्या. चिरीमिरीचं नावसुद्धा काढू नका.

लायसन्स, नोंदणी आणि विमा दाखवावाच लागतो. ‘खाली उतरा’ म्हटलं तर उतरायचं. तो अधिकार सुप्रीम कोर्टाने १९७७ सालीच पोलिसांना दिला आहे.

आपली मुलं फसतात ती पुढे. तिकीट, म्हणजे दंडाची पावती, तुमच्या हातात ठेवून पोलीस सहज विचारतो, ‘गाडीत जरा बघू का?’ ही विनंती असते, हुकूम नव्हे. लपवण्यासारखं काही नाही, मग नाही कशाला म्हणायचं, असं वाटतं आणि मान डोलावली जाते. नकार देता येतो हे तुम्हाला सांगायला पोलीस बांधील नाही. आणि रूममेटचं सीटखाली राहिलेलं काही सापडलं तर निस्तरायचं तुम्हालाच. म्हणून अदबीने म्हणा, ‘ऑफिसर, आय डू नॉट कन्सेंट टू अ सर्च.’ नुसत्या नकारावरून संशय घेता येत नाही. तरी झडती घेतलीच, तर आडवे जाऊ नका. हरकत तोंडी नोंदवा; पुढचं वकील कोर्टात बघेल.

अमली पदार्थ हुंगणाऱ्या पोलिसी कुत्र्याचं वेगळं आहे. तिकीट लिहून होईपर्यंत कुत्रा गाडीभोवती फिरवला तर तुमची परवानगी लागत नाही. २००५ च्या निकालाप्रमाणे ती झडतीच नव्हे. प्रशिक्षित कुत्र्याने वास लागल्याची खूण केली तर बहुतेक वेळा वॉरंटशिवाय गाडी उघडता येते. मात्र काम उरकल्यावर कुत्र्यासाठी अडवून ठेवता येत नाही. नेब्रास्कात एका ड्रायव्हरला वॉर्निंग देऊन झाली, कुत्रा फिरवायला त्याने नकार दिला, तरी सात-आठ मिनिटं थांबवलं. ठोस संशयाशिवाय तेवढंही चालणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये ठरवलं. म्हणून कागद परत मिळाले की विचारा, ‘ॲम आय फ्री टू गो?’

फोनही द्यायची गरज नाही. अटक झाली तरी त्यातलं बघायला एरवी वॉरंट लागतं; तो निकाल २०१४ चा.

गांजाबद्दल मात्र मी कळकळीने सांगतो. राज्यात तो दुकानात मिळत असला तरी केंद्राच्या कायद्याने गुन्हाच आहे, आणि व्हिसा, ग्रीन कार्ड केंद्राच्या हातात. कारपूलमध्ये कुणाच्या खिशात काय आहे ते विचारूनच बसा. प्रकरण कोर्टात गेलंच, तर ‘छोटा दंड भरून मोकळे व्हा’ असं कुणीही सांगो, गुन्हा कबूल करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला कागद दाखवा.