हॉट टबच्या लाइटमधून पाणी गळतंय? टब उपसण्याआधी हे वाचा

टब गळतोय म्हटलं की बहुतेक जण आधी तो रिकामा करतात. मराठवाड्यात हे परवडत नाही. चार-पाच जणांच्या टबात १,००० ते १,५०० लिटर पाणी मावतं आणि उन्हाळ्यात ते टँकरचं नाहीतर आटत चाललेल्या बोअरचं असतं. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. लाइटच्या दुरुस्तीसाठी सगळा टब उपसायची गरजच नसते. पाणी लाइटच्या खाली चार बोटं उतरलं की काम करता येतं.

आधी वीज

टबाचा एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) पाडा, मेन पाडा, आणि इन्व्हर्टरही बंद करा. आपल्याकडे घरोघरी इन्व्हर्टर असतो आणि टबाचा लाइट कुणीतरी त्याच्या लायनीवर घेतलेला असू शकतो. वीज गेलेली असताना काम उरकून घेऊ, हा विचार तर मनातही आणू नका; ती कोणत्या क्षणी परत येईल याचा भरवसा नाही. बोर्डावर चिकटपट्टी लावून 'हात लावू नका' असं ठळक लिहा, घरातल्या सगळ्यांना सांगा, मगच टेस्टरनं खात्री करा. टेस्टर चालू आहे की नाही हे मात्र मेन पाडण्याआधीच एखाद्या चालू पॉइंटवर बघून घ्या.

टबाचा लाइट बहुधा १२ व्होल्टचा असतो. ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे १२ करून देतो. तुमच्याकडे पाण्यातल्या लाइटला थेट २३० व्होल्ट दिलेले आढळले, तर दुरुस्ती तिथेच थांबवा. लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन बोलवा आणि ती जोडणी काढूनच टाका. टबाच्या लायनीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच ती तोडणारा स्विच) नसेल तर तोही याच वेळी बसवून घ्या. लाइट लावल्याबरोबर आरसीसीबी पडत असेल, तर २३० व्होल्टच्या बाजूला वीज गळत असल्याची शक्यता मोठी आहे.

गळती खरंच लाइटचीच आहे का?

या पायरीवर वेळ घालवा. लाइटखाली ओल दिसली म्हणून लाइट खोलायचा आणि पाणी मात्र वरच्या जेटच्या (पाण्याचा झोत सोडणाऱ्या तोंडाच्या) पाइपातून ओघळत आलेलं, असं सर्रास होतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

टब झाकून, पंप बंद ठेवून एक दिवस तसाच राहू द्या. एप्रिल-मेच्या उन्हात उघड्या टबातलं पाणी नुसतं वाफ होऊनही चांगलंच उतरतं, म्हणून झाकण हवंच. पाणी उतरत-उतरत लाइटच्या पातळीला येऊन थांबलं, तर गळती तिथेच आहे. त्याच्याही खाली जात राहिलं, तर दोष दुसरीकडे शोधा.

पाणी अजून लाइटच्या वर असेल तर आणखी एक खात्री करून घ्या. बिनसुईच्या सिरिंजमध्ये खायचा लाल रंग घ्या. पाणी अगदी निवांत झाल्यावर लाइटच्या कडेजवळ एक-दोन थेंब हळूच सोडा आणि हात न हलवता बघत राहा. गळती नसेल तर रंगाचा ढग जागीच पसरतो. असेल तर त्याची बारीक रेघ होते आणि ती कडेच्या एखाद्या फटीत ओढली जाते. रेघ कुठे शिरते त्यावर पुढचं ठरतं: टबाची भिंत आणि लाइटची कडी यांच्या मध्ये शिरली तर गॅस्केट (मधलं रबराचं कडं) गेलंय, काचेसारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकच्या भिंगावर शिरली तर भिंगाला तडा आहे.

पाणी काढणं

काढलेलं पाणी मोकळ्या टाकीत साठवा आणि झाकून ठेवा, नंतर तेच परत भरता येतं. झाडांना घालायचं असेल तर आधी दोन-चार दिवस उघडं ठेवून क्लोरीन उडू द्या. रिकामा ॲक्रिलिकचा टब थेट उन्हात सोडू नका, ॲक्रिलिकला फोड येतात. सकाळी लवकर सुरुवात करा आणि वर शेडनेट बांधा.

खोलणं आणि गॅस्केट बदलणं

टबाची बाजूची फळी काढा. आत फोम असेल तर लाइटमागचा तेवढाच कोरून काढा, वायरला पातं लागू देऊ नका. बल्ब मागच्या बाजूनं फिरवून निघतो. मग एकानं आतून लाइटची कडी धरायची, दुसऱ्यानं मागचा मोठा नट सोडायचा.

नट निघत नसेल तर ते आपल्या जड पाण्यामुळे. बोअरच्या पाण्यातले क्षार आट्यांमध्ये बसतात आणि दगडासारखे होतात. पान्ह्यानं जोर लावाल तर प्लास्टिक तडकेल. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं तासभर गुंडाळून ठेवा, थर सुटतो. मात्र त्या जागी क्लोरीनची पावडर किंवा गोळी असता कामा नये. आम्ल आणि क्लोरीन एकत्र आले की विषारी वायू निघतो. तारेचा ब्रश वापरू नका, नायलॉनचा चालेल.

जुनं गॅस्केट सोबत घेऊन दुकानात जा. टबाच्या कंपनीचा भाग मिळाला तर उत्तम, नाहीतर ऑइलसील-बेअरिंग विकणाऱ्या दुकानात त्याच मापाचं आणि तेवढ्याच जाडीचं ईपीडीएम रबराचं मिळू शकतं. सायकलच्या ट्यूबमधून वायसर कापायची आपली सवय इथे कामाची नाही. जाडी पुरत नाही आणि कडही सरळ येत नाही. रबराला व्हॅसलिन किंवा गाडीचं ग्रीस लावलं तर ते फुगून खराब होतं, म्हणून सिलिकॉन ग्रीसच लावा.

भिंतीची जागा पुसून पूर्ण कोरडी करा. गॅस्केट पाण्याच्या बाजूला, म्हणजे कडी आणि टबाची भिंत यांच्या मध्ये येतं. नट हातानं घट्ट होईपर्यंत आवळा आणि वर फार तर पाव फेरा द्या. त्याहून जास्त आवळलं की रबर बाहेर सरकतं आणि गळती पहिल्यापेक्षा वाढते.

मागून एम-सील किंवा सिलिकॉन थापून वेळ मारून नेऊ नका. पाण्याचा दाब आतून बाहेर असतो, तो मागचा थर ढकलूनच देतो. भिंगाला किंवा लाइटच्या घराला तडा असेल तर चिकटवाचिकटवी न करता अख्खा भागच बदला. विजेच्या जवळ तात्पुरती दुरुस्ती मला मुळीच मान्य नाही.

सिमेंट-टाइल्सच्या टबाची रचना वेगळी असते. तिथे लाइटमागच्या कोनाड्यात पाणी असणारच; गळती बहुधा वायर जिथून जाते त्या पाइपाच्या तोंडातून होते. ते काम जाणकारालाच द्या.

परत भरताना

लाइटच्या वर वीतभर येईल एवढंच पाणी आधी भरा. लाइटखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद अंथरा, एक थेंब पडला तरी डाग दिसेल. रात्रभर कागद कोरडा राहिला की बाकीचं पाणी भरा, मग वीज जोडा आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून तो पडतोय ना हे बघा. पाणी तापवून दुसऱ्या दिवशी कागद पुन्हा तपासा, कारण ३८-४० अंशाला प्लास्टिक थोडं फुगतं आणि थंड पाण्यात न दिसलेली गळती तेव्हा दिसू शकते. दोन्ही वेळा कागद कोरडा निघाला, की फोम आणि फळी परत लावा.