लेव्हल फाइलीला असते, माणसाची होते पडताळणी: संवेदनशील सरकारी नोकरीचा फॉर्म भरताना

डीआरडीओ, इस्रो, अणुऊर्जा विभाग, आयबी किंवा विमानतळावर निवड झाली की घरात पहिला प्रश्न निघतो, ‘क्लिअरन्स कुठल्या लेव्हलचा लागतो?’ हा प्रश्न मुळात अमेरिकेचा आहे. तिथे माणसालाच दर्जा मिळतो: कॉन्फिडेन्शियल, सिक्रेट किंवा टॉप सिक्रेट. त्यासाठी एसएफ-86 नावाचा लांबलचक फॉर्म असतो आणि अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, ग्रीन कार्डावर भागत नाही. आपल्याकडे असं खिशात घेऊन फिरण्याचं क्लिअरन्स सर्वसाधारण नोकरदाराला मिळत नाही. इथे लेव्हल असते ती कागदाला. माणसाची होते चारित्र्य आणि पूर्वेतिहास पडताळणी, तीही त्या पदापुरती. पुण्याच्या एका प्रयोगशाळेसाठी झालेली पडताळणी दाखवून दुसऱ्या खात्यात ‘माझं झालेलं आहे’ म्हणता येत नाही. तिथे पुन्हा पहिल्यापासून.

कागदाच्या लेव्हल चार. टॉप सिक्रेट म्हणजे बाहेर गेल्यास देशाच्या सुरक्षेला अत्यंत गंभीर हानी होईल अशी माहिती. सिक्रेट म्हणजे गंभीर हानी. कॉन्फिडेन्शियलमध्ये हानी त्याहून कमी, पण सरकारची अडचण होईल असा मजकूरही त्यातच येतो. रिस्ट्रिक्टेड म्हणजे फक्त कार्यालयीन वापरासाठी. हुद्दा मोठा म्हणून सगळ्या फायली उघडत नाहीत. ज्याच्या कामाला जेवढं लागतं तेवढंच त्याच्यासमोर येतं. या सगळ्यामागे 1923 चा ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट आहे. हेरगिरीचं प्रकरण संरक्षणाशी संबंधित असेल तर 14 वर्षांपर्यंत शिक्षा, आणि गुप्त माहिती अनधिकृत माणसाला दिली तर 3 वर्षांपर्यंत.

‘सुरक्षा मंजुरी’ हा शब्द बातम्यांत येतो तो बहुतेक वेळा कंपन्यांबद्दल. मे 2025 मध्ये विमानतळांवर सामान चढवण्या-उतरवण्यासारखी कामं करणाऱ्या एका तुर्की ग्राउंड हँडलिंग कंपनीची मंजुरी रद्द झाली, ती या प्रकारची. उमेदवाराचा तिच्याशी संबंध नाही.

आता तुमच्या हातातलं काम. नेमणुकीच्या कागदांसोबत अटेस्टेशन फॉर्म येतो, त्याला साक्षांकन नमुना म्हणतात. त्याच्या डोक्यावरच इशारा छापलेला असतो: खोटी माहिती दिली किंवा खरी दडवली तर उमेदवार अपात्र ठरतो, आणि नोकरीत असताना उघड झालं तर सेवा संपुष्टात येऊ शकते. हा इशारा न वाचता लोक सही करतात आणि वाद नेमका तिथेच सुरू होतो. नोकऱ्या जातात त्या जुन्या भानगडीपेक्षा ती लपवल्यामुळे जास्त.

पेन हातात घेण्याआधी एका कोऱ्या कागदावर तारखांचा तक्ता करा. दहावीपासून आजपर्यंत, महिना आणि वर्षासकट: कुठे राहिलात, कुठे शिकलात, कुठे काम केलंत. फॉर्म मागील 5 वर्षांत सलग एक वर्षापेक्षा जास्त राहिलेल्या प्रत्येक जागेचा पत्ता मागतो, आणि शिक्षणाचा तपशील वयाच्या पंधराव्या वर्षापासून. परदेशात राहिला असाल तर एकविसाव्या वर्षानंतर वर्षभराहून जास्त मुक्काम झालेली प्रत्येक जागा लिहावी लागते. काही खात्यांचे फॉर्म याहून खोल जातात, म्हणून मित्राचा भरलेला फॉर्म समोर ठेवून उतरवू नका. नापास झालेलं वर्ष, स्पर्धा परीक्षेसाठी रिकामं गेलेलं वर्ष, गारमेंटच्या कारखान्यात केलेली आठ महिन्यांची नोकरी, सगळं तक्त्यात यायला हवं. मधे भोक राहिलं की पडताळणी करणारा तिथेच बोट ठेवतो.

सोलापूरकरांचा गोंधळ बहुतेक पत्त्यात होतो. फॉर्म प्रत्येक पत्त्याच्या जिल्ह्यातल्या पोलिसांकडे जातो आणि सोलापुरात यंत्रणा दोन आहेत: शहराला पोलीस आयुक्तालय, बाकी जिल्ह्याला पोलीस अधीक्षक, सोलापूर ग्रामीण. जुळे सोलापूर विजापूर नाका ठाण्यात येतं, म्हणजे आयुक्तालयात. पण शहराच्या पूर्व भागातून कुंभारीच्या विडी घरकुल वसाहतीत किंवा 2024 मध्ये चाव्या मिळालेल्या रे नगर वसाहतीत गेलेलं कुटुंब दक्षिण सोलापूर तालुक्यात, म्हणजे ग्रामीणमध्ये मोडतं. आधार नव्या घराचं, मतदार कार्ड जुन्या चाळीचं आणि फॉर्मवर दोन्हींची खिचडी, असा कागद शहरातून ‘सदर इसम येथे राहत नाही’ असा शेरा घेऊन परत जातो. मग पुन्हा पत्रव्यवहार आणि दोन-तीन महिने पाण्यात. उपाय सोपा आहे: सध्याचा पत्ता जिथे खरंच झोपता तो, कायमचा पत्ता वेगळा असेल तर वेगळा, आणि दोन्हींपुढे पोलीस ठाण्याचं नाव. ठाणं कोणतं ते अंदाजाने लिहू नका, जवळच्या चौकीत जाऊन विचारा. पाच मिनिटांचं काम आहे.

पुण्यात शिकलेल्यांनी आणखी एक बघायचं. होस्टेल किंवा पीजी सलग वर्षाहून जास्त असेल तर तो पत्ता लागतोच, आणि पिंपरी-चिंचवडला 2018 पासून स्वतंत्र आयुक्तालय आहे. वाकड किंवा निगडीच्या खोलीपुढे ‘पुणे शहर’ लिहिलंत की कागद चुकीच्या दारात जातो. तीच गोष्ट सीमेपलीकडच्या कर्नाटकाची. विजापूर आणि गुलबर्गा यांची सरकारी नावं 2014 पासून विजयपुरा आणि कलबुर्गी आहेत. तिकडच्या कॉलेजात शिकलेल्यांनी नवी नावं लिहावीत.

नावांचं दुखणं तर घरोघरी. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार भाषांच्या शहरात एकच आडनाव शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि पॅनवर तिसरं असतं. इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘एच’ आणि दुहेरी अक्षरं हमखास घोळ घालतात. जुन्या दाखल्यांवर गावाचंच नाव ‘शोलापूर’ आहे. गावाच्या स्पेलिंगने सहसा अडत नाही, तुमच्या नावाने मात्र अडतं. दहावीच्या प्रमाणपत्रावरचं स्पेलिंग प्रमाण धरा आणि बाकीची ‘उर्फ’ म्हणून फॉर्ममध्ये टोपणनावाच्या रकान्यात लिहा. तो रकाना त्यासाठीच आहे. आई, वडील, पती किंवा पत्नी यांची नावं, जन्मठिकाण आणि राष्ट्रीयत्वही त्याच काळजीने लिहा.

आता खरा अवघड रकाना. तिथे एकामागून एक प्रश्न असतात: कधी अटक झाली का? खटला भरला गेला का? स्थानबद्ध केलं का? जामीन-बंधपत्र घेतलं का? न्यायालयाने दंड केला का? शिक्षा झाली का? परीक्षेला बसायला बंदी झाली का? सध्या एखादं प्रकरण प्रलंबित आहे का? प्रत्येक प्रश्न स्वतंत्र आहे. ‘शेवटी निर्दोष सुटलो ना’ म्हणून सगळीकडे ‘नाही’ टाकणं ही सर्वात महागडी चूक. सुटलात तरी अटक झाली होती, खटला चालला होता. बी समरी, म्हणजे तक्रार खोटी असल्याचा पोलिसांचा अहवाल, मंजूर होऊन प्रकरण बंद झालं तरी अटकेचं उत्तर ‘होय’च राहतं.

काही गोष्टी लोकांना गुन्हा वाटतच नाहीत. मंडळाचे अध्यक्ष म्हणून मिरवणुकीतल्या डीजेसाठी तुमच्यावर गुन्हा दाखल होऊन दोषारोपपत्र गेलं असेल तर तो खटला आहे. भांडणानंतर चॅप्टर केस, म्हणजे शांतता किंवा चांगली वर्तणूक राखण्याची हमी घेणारी प्रतिबंधक कारवाई (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 107 किंवा 110, 1 जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं 126 किंवा 129), झाली आणि तिच्यात बंधपत्र लिहून दिलं असेल तर बंधपत्राच्या प्रश्नाला ‘होय’. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 110-117 खाली (सार्वजनिक ठिकाणचं गैरवर्तन) कोर्टात दंड भरून सुटलात तर दंडाच्या प्रश्नाला ‘होय’. उलट, सणाआधी मिळालेली त्याच जुन्या संहितेच्या कलम 149 ची, आता नव्या संहितेच्या 168 ची नोटीस हा निव्वळ इशारा असतो. बंधपत्र नाही, अटकही नाही. ज्याला अशी नोटीस आली तो उगाच घाबरून जातो, आणि ज्याची चॅप्टर केस झाली तो बिनधास्त असतो. व्हायला हवं नेमकं उलटं.

आठवणीवर विसंबू नका. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा न्यायालयात पक्षकाराच्या नावाने शोध घ्या. स्पेलिंग बदलून दोन-तीनदा बघा. प्रकरण सापडलं तर 16 अक्षरी सीएनआर क्रमांक टिपून ठेवा आणि निकालाची प्रमाणित प्रत काढा. उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला असेल तर आदेशाची प्रत जोडा. 18 ऑगस्ट 2025 पासून सोलापूरची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहेत; त्याआधीचा आदेश मुंबईचा असेल. फॉर्मवर उत्तर ‘होय’, पुढे गुन्हा क्रमांक, वर्ष, ठाणे, कलम, न्यायालय, निकाल आणि तारीख. एवढंच. बाजू मांडायला वेगळा कागद जोडायचा तर अर्ध्या पानात आटपा, निबंध नको.

‘होय’ लिहिलं म्हणजे नोकरी गेली, असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये अवतार सिंग प्रकरणात याची चौकट आखून दिली. तरुण वयातली घोषणाबाजी किंवा तसाच किरकोळ गुन्हा असेल तर लपवाछपवीकडेही नियोक्ता दुर्लक्ष करू शकतो. गंभीर किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात तांत्रिक कारणाने सुटका झाली असेल तर खरं सांगूनही योग्यता तपासण्याचा अधिकार त्याला राहतो. फॉर्मने जे विचारलंच नाही ते सांगितलं नाही म्हणून मात्र ठपका ठेवता येत नाही. पद जितकं संवेदनशील, तितकी ही मोजपट्टी कडक.

दोन संदर्भ व्यक्ती नातेवाईक नकोत. आपल्या भागातल्या, फोन उचलणाऱ्या आणि तुमचं पूर्ण नाव ठाऊक असलेल्या असाव्यात. घरात ‘बाळू’ आणि कागदावर दुसरंच नाव असेल तर त्यांना आधी सांगून ठेवा. फॉर्मच्या शेवटी असलेल्या ओळख-प्रमाणपत्रावर सही करणारा राजपत्रित अधिकारी, तहसीलदार किंवा मुख्याध्यापक ‘मी यांना इतकी वर्षे ओळखतो’ असं लिहून देतो. अनोळखी साहेबांची सही दलालामार्फत मिळवू नका. त्यांना चौकशीचा फोन गेला तर तुमचाच कागद खोटा पडतो.

यानंतर कागद विशेष शाखेमार्फत तुमच्या ठाण्याच्या गोपनीय अंमलदाराकडे येतो. ते घरी येतात किंवा बोलावतात. मूळ कागद, दोन संच झेरॉक्स आणि भरलेल्या फॉर्मची तुमच्याकडची प्रत तयार ठेवा. प्रत न ठेवणारे तोंडी वेगळी तारीख सांगतात आणि गोंधळ वाढतो. शेजारी विचारपूस होते, तेव्हा घरमालकालाही कल्पना द्या. महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवरून तुम्ही स्वतः काढलेलं चारित्र्य प्रमाणपत्र ही वेगळी गोष्ट आहे. सैन्य भरतीला किंवा ठेकेदाराच्या गेट पासला ते चालू शकतं, खात्याच्या पडताळणीची जागा ते घेत नाही.

विलंब झाला तर ठाण्यात रोज खेटे घालू नका. ठाण्यातून अहवाल किती तारखेला, कोणत्या जावक क्रमांकाने गेला एवढं विचारा आणि तो क्रमांक नेमणूक करणाऱ्या कार्यालयाला ईमेलने कळवा. माहिती अधिकाराचा अर्जही त्या कार्यालयातच करा. आयबीसारख्या संस्था त्या कायद्याच्या कलम 24 खाली बहुतांशी बाहेर आहेत, त्यांना लिहून वेळ जातो.

फॉर्म दिल्यानंतरही काही घडलं, गुन्हा दाखल झाला किंवा अटक झाली, तर ते लगेच लेखी कळवायचं असतं. फॉर्मच्या इशाऱ्यातच तसं म्हटलेलं आहे. पत्ता बदलला तरी कळवा, नाहीतर अंमलदार कुलपाला भेटून जातो. रुजू झाल्यावर परदेशी व्यक्तीशी लग्न केल्यास ते केंद्रीय कर्मचाऱ्याला ताबडतोब सरकारला सांगावं लागतं. आणि निवडीचं पत्र, गेट पास किंवा प्रयोगशाळेच्या फाटकासमोरचा सेल्फी स्टेटसला ठेवायचा मोह पहिल्या दिवशीच आवरा; खोटा पास बनवणाऱ्याला त्यातून नमुना फुकट मिळतो.