शीआन पायी बघायचं तर: आदल्या रात्रीपासूनची तयारी

चीनमधलं शीआन शहर एका दिवसात पायी बघायचं, तर त्या दिवसाच्या यादीची सुरुवात खोडण्यापासून करा. मातीच्या सैनिकांवर (टेराकोटा आर्मी) आधी काट मारा. ते शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर लिंतोंगला आहेत, जाऊन-येऊन दिवस खलास होतो. त्यांना वेगळा दिवस द्या. शान्शी इतिहास संग्रहालयही या दिवशी नको. त्याचं बुकिंग आधी करावं लागतं, सोमवारी ते बंद असतं, आणि आत शिरलात की चार तास तिथेच जातात. उरलं तटबंदीच्या आतलं जुनं शहर आणि दक्षिणेला एक पॅगोडा. दोन पायांना एवढं भरपूर झालं. कॅलेंडरवरून ऑक्टोबरचा पहिला आठवडा आणि १ मेच्या आसपासचे दिवसही खोडून टाका, कारण तेव्हा अख्खा चीन फिरायला बाहेर पडलेला असतो.

आता फोन. खरी तयारी याचीच, आणि ती भारतात असतानाच उरकायची. अलीपे हे पैसे देण्याचं चिनी ॲप उतरवून घ्या, त्यात पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं भरा, कार्ड जोडा. कार्ड जोडण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन परदेशी व्यवहारांचं बटण चालू आहे का बघा. आपल्याकडे ते बहुधा बंदच असतं, आणि हे लक्षात येतं ते तिथे नूडल्सची वाटी हातात घेऊन उभं असताना. ओटीपी भारतातल्या नंबरवर येणार, म्हणून ते सिम काढून डबीत ठेवू नका, रोमिंगवर चालू ठेवा. गूगलवर तिथे विसंबायचं नाही. नकाशासाठी अमॅप घ्या, भाषांतराच्या ॲपमध्ये चिनी भाषा ऑफलाइन उतरवून ठेवा. हॉटेलचं नाव-पत्ता चिनी लिपीत असलेला स्क्रीनशॉट फोनमध्ये हवा आणि त्याचीच एक प्रत कागदावर, खिशात. चार-पाच छोट्या नोटाही असू द्या. रोख चालते, पण मोठी नोट पुढे केली की दुकानदार सुट्ट्यांसाठी शेजारी पळतो. पॉवर बँक घ्याच. मात्र चीनमधल्या देशांतर्गत विमानात २०२५पासून थ्री-सी हे चिनी सुरक्षा-प्रमाणपत्राचं चिन्ह नसलेली पॉवर बँक नेता येत नाही, तेव्हा पुढे विमानाने जाणार असाल तर तिथेच विकत घ्या.

पासपोर्ट मूळच हवा. झेरॉक्सवर काम भागेल असं समजून मी एकदा निघाले होते. तिकीटखिडकीवरून उलट्या पावली हॉटेलवर यावं लागलं आणि सकाळचा एक तास त्यात गेला.

पिशवी हलकी ठेवा. टिश्यूचं पाकीट पहिलं. सार्वजनिक स्वच्छतागृहात आपल्यासारखी उकिडवं बसायची सोय बघून बरं वाटतं, पण नळ शोधाल तर तो नसतो आणि कागदही असेलच असं नाही. थर्मास न्या. उकळलेलं पाणी स्टेशनात, हॉटेलात सहज मिळतं, गार पाणी मागितलं तर मात्र लोक काळजीने बघतात. टोपी हवी, तटबंदीवर सावली जवळपास नाहीच. बूट जुने आणि मुरलेले घाला, इतकंच सांगते.

सकाळी मेट्रोच्या २ नंबर लाइनने योंगनिंगमनला उतरा, हा दक्षिण दरवाजा. तटबंदी मिंग राजघराण्याच्या काळातली, १३७०च्या दशकात उभी राहिलेली. उंची सुमारे १२ मीटर, आणि वरची वाट इतकी रुंद की दोन बस शेजारून जातील. पूर्ण फेरी पावणेचौदा किलोमीटरची. ती पायी करायची हौस आवरा, नाहीतर दिवसात दुसरं काही होणार नाही. सायकल भाड्याने मिळते, पण विटांवरून जाताना दात वाजतात आणि माकडहाड संध्याकाळपर्यंत बोलत राहतं. मी म्हणेन, पूर्वेकडे चालत वनचांग दरवाजापर्यंत जा आणि तिथे खाली उतरा. जवळच बेइलिन आहे, म्हणजे शिलालेखांचं वन. इसवी सन ८३७मध्ये कोरून पुऱ्या झालेल्या ११४ शिळांवर अख्खे कन्फ्युशियन ग्रंथ आहेत, आणि ७८१ची एक शिळा चीनमधल्या ख्रिस्ती लोकांची हकिगत सांगते. तिच्यावर चिनीसोबत सीरियाक अक्षरंही आहेत, ती शोधून काढा. अक्षर ओळखीचं नसलं तरी दगडावरची छिन्नी वाचता येते.

तिथून घंटाघर, चोंगलौ. १३८४ साली बांधलेलं हे घंटाघर १५८२मध्ये आताच्या जागी हलवलं. ते भर चौकात आहे आणि तिथे रस्ता वरून ओलांडायचा नाही, भुयारी मार्गाने जायचं. भुयार गोल आहे, त्यामुळे बाहेर पडायच्या दाराचं अक्षर आधी बघून ठेवा, नाहीतर प्रदक्षिणा घडते. वर फुटपाथवर विजेच्या स्कूटरी मांजरीसारख्या येतात, आवाज म्हणून नाही. बाजूला सरण्याआधी मागे बघायची सवय लावा.

नगारखान्यामागे मुस्लिम मोहल्ला. खायची तयारी पोटाने करायची, म्हणून नाश्ता अर्धाच करा. फाओमो मागवलात तर आधी वाडगा आणि घट्ट, चिवट रोटी समोर येते. ती तुम्हीच कुस्करायची, तुकडे वाटाण्याएवढे. शेजारच्या टेबलावरचे आजोबा वीस मिनिटं गप्पा मारत कुस्करतात. आपण पाच मिनिटांत मोठमोठे लचके तोडून मोकळे होतो, मग वाडगा आत जातो, मटणाचा रस्सा घालून परत येतो, आणि मधले तुकडे कोरडेच राहतात. बोटं दुखली तरी बारीक करा. सोबत गोडसर मुरवलेला लसूण मिळतो, तो सोडू नका. शाकाहारी असाल तर ‘वो छ सू’ हे तीन शब्द पाठ करा आणि लिआंगफी मागा: तांदळाच्या किंवा गव्हाच्या पिठाच्या गार पट्ट्या, व्हिनेगर आणि मिरचीचं तेल. बाजारातल्या गर्दीतून आत वळलं की मोठी मशीद लागते. मिनार शोधू नका, चिनी वळणाचा अष्टकोनी मंडप आहे तोच मिनार. खांदे-गुडघे झाकणारे कपडे सकाळीच घातलेले बरे. प्रार्थनागृहात मुस्लिमेतरांना प्रवेश नाही, अंगणं मात्र बघता येतात.

दुपारी चार वाजता पाय कुरकुरायला लागले की मेट्रो धरा आणि दायान्थाला जा, मोठ्या हंस-पॅगोड्याकडे. शाळेच्या पुस्तकात भेटलेला युआन श्वांग ६४५ साली भारतातून ६५७ ग्रंथ घेऊन याच शहरात परतला. त्या पोथ्या ठेवायला ६५२मध्ये हा मनोरा बांधायला घेतला. पुलकेशीच्या महाराष्ट्रातूनही तो गेला होता. इथले लोक मानी, उपकार न विसरणारे, आणि सूड घेण्याआधी शत्रूला सावध करणारे, असं त्याने लिहून ठेवलं आहे. वर चढायचं तिकीट आवाराच्या तिकिटाहून वेगळं. सात मजले आहेत, गुडघे विचारून ठरवा. मी चौथ्या मजल्यावर बसकण मारली होती.

परतताना दायान्थाहून ३ नंबर, शिआओचाईला बदलून २ नंबर, चोंगलौ. मेट्रोचं तिकीटही फोनवरूनच काढायचं, तेव्हा संध्याकाळचे फोटो काढताना निदान दहा टक्के चार्जिंग राखून ठेवा.